टोपीतले दिवस

कार्कारा खोऱ्यातला वारा असा, की एका वर्षी त्याने ओस्पानच्या मेंढ्यांची लोकर अंगावरून उपटली आणि पलीकडच्या गावातल्या बोकडांना नेऊन चिकटवली. ते बोकड अजून स्वतःला मेंढे समजतात. अशा गावात मूठभर जीव घरी आणायचा म्हणजे खायचं काम नाही. झिबेकचं बाळ शहरातल्या इस्पितळातून घरी आलं, दुपट्यांच्या सात पदरांतून एक नाक तेवढं बाहेर दिसलं, तेव्हा तिचा सासरा ओस्पान वाकून बघत म्हणाला, "हे बाळ आहे, का बाळाने पुढे धाडलेला निरोप, की मी मागून येतोय?"

"तोंड आवरा, म्हातारबा," त्याची बायको नुर्जमाल आपा म्हणाली. "ते अजून आलेलंच नाही."

आपा थट्टा करत नव्हती. बाळ दोन महिने आधी झालं होतं. महिनाभर काचेच्या पेटीत राहून, नळीने दूध पिऊन, शेवटी आईला ओढून प्यायला शिकलं तेव्हा कुठे घरी सोडलं होतं. पण कार्काऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, की वेळेआधी आलेलं मूल हे झालेलं मूल नव्हेच. त्याला लांडग्याच्या कातड्याच्या टोपीत ठेवायचं, टोपी लोकर थापून केलेल्या नमद्याच्या घराच्या लाकडी जाळीला टांगायची. आज जाळीच्या वरच्या या शेंड्याला, उद्या पुढच्या. पोटातले जेवढे दिवस अजून भरायचे तेवढे शेंडे झाले, की त्याला टोपीतून काढायचं. त्या दिवशी ते जन्मलं. मग नाव, मग मेजवानी, मग चाळीस दिवस घरात जपणं.

आता घर विटांचं होतं आणि नमद्याचं घर गुंडाळून गोठ्याशेजारी पडलं होतं. तरी आपाने त्यातली एक जाळी सोडवून आणली आणि आतल्या खोलीच्या भिंतीला उभी केली. टोपी ओस्पानच्या आजोबांची. ती ज्या लांडग्याची, तो मेंढी न्यायला आला होता. आजोबा तेव्हा कुणाला तरी गोष्ट सांगत बसले होते. लांडगा ऐकायला टेकला, आणि गोष्ट इतकी लांबली की म्हातारा होऊन जागीच मेला. ओस्पान स्वतःही त्याच टोपीतून निघालेला. आपा म्हणायची, "त्या टोपीत बाकी सगळं पिकलं, जीभ जरा जास्तच पिकली."

गावच्या दवाखान्यातली परिचारिका राउशान दर आठवड्याला बाळाला तोलायला यायची. तिच्या पिशवीत आकड्याचा काटा आणि कापडाची झोळी असे. पहिल्या दिवशी जाळीला टांगलेली टोपी आणि टोपीत झोपलेलं बाळ बघून तिने हातातली पिशवी खाली ठेवली, आणि मग त्या घरात जे महायुद्ध झालं त्याचा आवाज चिनी सरहद्दीपलीकडे गेला असं ओस्पान सांगतो. शेवटी तह झाला. टोपी सकाळी घटकाभर टांगायची, तीही आपाने खालून दोन्ही हातांचा आधार दिलेला असताना. आत उकळून वाळवलेलं सुती कापड. नाकतोंड उघडं. उरलेला सगळा वेळ बाळ आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून, वरून शाल.

हे शेवटचं कलम आपाला फारच पटलं. "छाती म्हणजे काय," ती म्हणाली, "तीही टोपीच. फक्त आतून गाणं म्हणणारी."

दोघींचं एका बाबतीत तर इतकं जमलं की राउशान स्वतःच चकित झाली. झिबेकने एकदा घाबरत विचारलं होतं, "शेजारच्या घरातली मुलगी याच्याएवढीच, ती हसते. हा हसत नाही. काही कमी आहे का याच्यात?"

"त्या मुलीशी तुलना करू नकोस," राउशानने सांगितलं. "याचं वय जन्मतारखेपासून धरायचं नाही. ज्या दिवशी यायला हवा होता, त्या दिवसापासून धरायचं. हसणं, मान धरणं, बसणं, सगळं त्या हिशेबाने."

आपाने चहाचा कटोरा खाली ठेवला. "म्हणजे डॉक्टरांना आत्ता कळलं तर."

"आम्ही वजाबाकी करतो, आपा."

"तू वजाबाकी कर, मी टोपी सरकवते. शेवटी मुक्कामाला दोघी एकाच दिवशी पोचू."

त्यामुळे बाळ बघायला कुणी आलं की आपा दारातच सांगायची, अजून झालं नाही. लोकही जाणते. "बरं बरं, झालं की कळवा," म्हणून चहा आणि तळलेले बाउरसाक खाऊन परत जात. एक दूरची नणंद तर आतून बाळाचं रडणं स्पष्ट ऐकू येत असताना म्हणाली, "मुलगा होईल असं वाटतं. आवाज मुलाचा आहे."

सगळं सुरळीत चाललं होतं. बाळ दर तोलण्याला एखाद्या बाउरसाकाएवढं वाढत होतं. मग राउशान एका मंगळवारी आली, काटा काढायच्या आधीच म्हणाली, "शुक्रवारी याचे डोळे दाखवायचे आहेत. शहरात."

"झाल्यावर दाखवू," आपा म्हणाली.

"झाल्यावर नाही, आपा. या शुक्रवारी." राउशान जमिनीवरच्या गादीवर बसली. "इतक्या लवकर आलेल्या बाळांच्या डोळ्यांतल्या बारीक शिरा पुऱ्या पसरलेल्या नसतात. कधीकधी त्या बाहेर आल्यावर वेड्यावाकड्या वाढतात. वाढत गेल्या की डोळ्याच्या आतला पडदा ओढून सोडवतात. मग अंधार. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बघितलं तेव्हा याच्या शिरा जरा वाकड्या निघाल्याच होत्या. वेळेवर बघितलं तर उपाय आहे. उशीर झाला तर जगातल्या कुठल्याही डॉक्टरकडे नाही."

"ज्याचा जन्म झाला नाही त्याचे डोळे कुणी तपासतं का?"

"आपा, शिरा तुमची टोपी बघून थांबत नाहीत."

"आणि मी याला या वाऱ्यात बाहेर काढू? अजून अर्धी जाळी शिल्लक आहे. पोटातलं मूल कुणी मध्येच बाहेर काढून, दाखवून, परत आत ठेवतं का?"

राउशानने झिबेककडे बघितलं. झिबेकने बाळाच्या टाळूवर हनुवटी टेकवली. तिचा नवरा येर्मेक पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर पाळीने कामाला होता. चालू पाळी संपायला अजून वेळ होता.

आपा दुष्ट नव्हती. तिचं पहिलं मूलही असंच आगाऊ आलेलं. ते सोव्हिएतचे दिवस. जिल्ह्याच्या डॉक्टरीणबाईंनी टोपी पाहिली, अडाणीपणा म्हणाल्या, आणि बाळ स्वतःच्या हाताने काढून घेतलं. आपा तेव्हा विशीतली होती, तोंडातून शब्द फुटला नाही. ते बाळ तिसऱ्या दिवशी गेलं. टोपीत असतं तर राहिलं असतं की नाही, हे अल्लालाच ठाऊक. पण काढून घेणारे ते हात आपाला अजून ओळखता आले असते. त्यानंतर येर्मेक झाला, भरल्या दिवसांचा. त्याच्या मुलाची टोपी रोज सकाळी सरकवताना आपा मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणायची, की याला माझ्या हातातून कुणी ओढून नेणार नाही.

गुरुवारी दुपारी ती घोडीचं दूध काढून आली तर झिबेक गाठोडं बांधताना दिसली. दुपटी, थर्मास, बाळाची कागदं.

"कुठे?"

"पहाटे दुधाची गाडी जाते, आपा. तिच्यातून."

"मला विचारलं नाहीस."

झिबेकने गाठ आवळली. "विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. मग मला तुमचा शब्द मोडावा लागला असता. न विचारता गेले तर तुमचा शब्द तरी शाबूत राहतो."

आपा बघतच राहिली. या घरात सून येऊन दोन वर्षं झाली, एवढं लांब वाक्य तिने कधी बोललेलं नव्हतं. आणि त्यात राग धरावा अशी एकही जागा नव्हती. आपा बाहेर आली, पायरीवर बसली. डोंगराच्या बाजूने उन्हाळी कुरणांकडे जाणारी वाट दिसत होती. लहानपणी तिने त्या वाटेने अख्खी गावं जाताना पाहिली होती. उंटांवर घरंच्या घरं.

ओस्पान अंगणाच्या कोपऱ्यात लगाम शिवत होता.

"म्हातारबा, तुम्ही टोपीत होता तेव्हा मुक्काम हलला होता का?"

"हलला तर. वसंत होता. कुरणावर जायचं, थांबतोय कोण माझ्यासाठी? आईने मला जाळीसकट, नमद्यासकट उंटावर चढवलं. तीन खिंडी ओलांडल्या. दुसऱ्या खिंडीत उंट शिंकला आणि मी जवळजवळ जन्मलोच होतो. लख्ख आठवतं मला."

"तुमचा जन्मही झाला नव्हता."

"म्हणून तर लख्ख आठवतं. जन्मल्यापासूनचं बरंच विसरलोय."

एरवी आपाने त्याला अजून चार शब्द सुनावले असते. या वेळी ती उठली. "म्हणजे मूल घराबाहेर पडलंच नाही. घरच चालून गेलं."

"मग काय."

"मग उठा. आपलं घर उद्या शहरात जाणार आहे."

ओस्पानकडे एक जुनी रशियन गाडी होती, पावासारखी चौकोनी-गुबगुबीत, आणि सगळं खोरं तिला पावच म्हणायचं. तिच्यात मूळचे असे फक्त आरसे उरले होते. बाकी सगळं ट्रॅक्टरचं, पंपाचं आणि एका शिवणयंत्राचं. संध्याकाळपर्यंत आपाने तिचं घर केलं. एका बाजूला जाळी बांधली, छताला आणि खिडक्यांना नमदा लावला, खाली गालिचा, दाराशी उंबरठ्यासाठी फळी. झिबेक मदत करत होती. मध्येच ती आपाच्या पाठीमागे आली आणि तिच्या खांद्यावर कपाळ टेकवून तशीच उभी राहिली.

"सरक, दोरी धर," आपा म्हणाली. पण लगेच सरकली मात्र नाही.

सकाळी ओस्पानने गाडी उलटी घेत घराच्या दाराला अशी चिकटवली, की मधून मांजरही गेलं नसतं. उरलेल्या फटीवर आपाने नमदा धरला. झिबेक बाळाला छातीशी बांधून एका घरातून दुसऱ्या घरात गेली. बाळाच्या पाठीवर टोपी पालथी घातलेली होती, कासवाच्या पाठीसारखी. वारा फटीपाशी येऊन हुंगून गेला, त्याला काही मिळालं नाही. वाटेने निघायच्या आधी आपाने जाळीच्या त्या दिवसाच्या शेंड्याला टोपी घटकाभर टेकवली. नियम तो नियम.

दरीच्या पुढे हमरस्त्यावर एका पोलिसाने गाडी थांबवली. तरणाबांड, नव्या टोपीतला.

"काय नेताय, अक्साकाल?" त्याने म्हाताऱ्याला मानाने विचारलं.

"घर," ओस्पान म्हणाला.

"घरातलं सामान?"

"सामान नाही. घर. आम्ही घरातच आहोत. तूच दारात उभा आहेस."

पोलिसाने मागचं दार उघडलं. समोर उंबरठा, गालिचा, जाळी, मांडी घालून बसलेली पांढऱ्या रुमालातली म्हातारी. त्याने नकळत बूट मागे घेतला. उंबरठ्यावर पाय देण्याची त्याची छाती नव्हती.

"माणसं किती आहात?"

"तीन," आपा म्हणाली.

शालीतून बाळ शिंकलं.

"आणि हे?"

"हा व्हायचा आहे अजून."

पोलिसाने टोपी बघितली, जाळी बघितली, आणि त्याचा चेहरा एकदम सहा वर्षांच्या पोराचा झाला. "माझ्या मामाला असंच ठेवलं होतं," तो म्हणाला. "आता नाकाने दार अडतं एवढा आहे." मग कडक होऊन ओस्पानला म्हणाला, "दिवे लावून चालवा. घर असलं तरी." आणि दार इतक्या हळू लावलं की बाळ जागंसुद्धा झालं नाही.

शहरातल्या इस्पितळाच्या फाटकावर मात्र पहारेकऱ्याला मामा नव्हता. घर इथे लावता येणार नाही, म्हणाला. ओस्पान त्याच्याशी वाद घालायला खाली राहिला आणि दोघी वर गेल्या. वरच्या लांब ओसरीत अशाच बायका बसल्या होत्या, प्रत्येकीच्या कुशीत एक एक घाईने आलेला जीव. कुणी पहिल्यांदा, कुणी पाचव्यांदा. एकीचं बाळ वर्षाचं होऊन भिंतीला धरून उभं होतं आणि सगळ्या जणी त्याच्याकडे असं बघत होत्या, जसं दूरच्या प्रवासाला निघालेली माणसं परत आलेल्याकडे बघतात.

डॉक्टर अल्मिरा अंगाने बारीक, आवाजाने शांत. आपाने टोपीत धरलेल्या बाळाच्या डोळ्यांत थेंब टाकले, बाहुल्या मोठ्या होऊ दिल्या, मग दिवा लावला. टोपीला नावं ठेवली नाहीत. "असू दे," म्हणाली, "टोपीतच छान धरून ठेवलंय." पण बघायला तिने वेळ घेतला. एक डोळा. दुसरा. परत पहिला. आपाने तिच्या पाठीकडे बघून ओळखलं.

"शिरा पुढे गेल्या आहेत," डॉक्टर झिबेकला म्हणाली. "दोन्ही डोळ्यांत. बारीक किरणांनी त्यांना थोपवावं लागेल. आज."

"उद्या नाही चालणार?" आपाने विचारलं.

"मी तुमच्या जागी असते, आपा, तर दुपारसुद्धा होऊ दिली नसती."

"मग करा."

"आत त्याला झोपवावं लागेल. तिथे बाहेरचं काही नेता येत नाही. ही टोपीही नाही."

झिबेकने आपाकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत विनंती नव्हती. ती हो म्हणणारच होती, आपा काहीही म्हणो. पण ती थांबली होती. आपाला कळलं की ही एवढीशी वाट आपल्यासाठी ठेवली आहे.

दारातून एक परिचारिका हात पुढे करून आली. स्वच्छ धुतलेले, चांगले हात. आपाने टोपी स्वतःकडे ओढली; चाळीस वर्षांपूर्वीचे ते हातही असेच पुढे आले होते.

"थांब, मुली," ती म्हणाली. "याला मी काढते."

तिने हात धुतले, सांगितलं तसे, कोपरांपर्यंत. मग टोपीत दोन्ही हात घातले. कापडाखाली बाळ गरम होतं, नुकत्याच भाजलेल्या भाकरीएवढं. अजून शेंडे बाकी होते. पण तिच्या आयुष्यात तिने घोड्या व्यायलेल्या पाहिल्या होत्या, मेंढ्या पाहिल्या होत्या, शेजारणी पाहिल्या होत्या. बाहेर यायची वेळ आली की येणारा जीव दिवस मोजत नाही, आणि मोजत बसणाऱ्या सुइणीला कुणी सुईण म्हणत नाही. आपाने श्वास घेतला आणि बाळाला हळूहळू, डोकं आधी, लांडग्याच्या कातड्यातून बाहेर घेतलं. थंड लागल्यावर त्याने हात फाकले, हवेत काहीतरी धरायला गेलं, आणि आपाचं बोट धरलं.

"झाला," ती म्हणाली.

"नाव काय लिहू?" परिचारिकेने विचारलं. "कागदावर नुसतं झिबेकचा मुलगा आहे."

नाव सांगायचा मान ओस्पानचा. पण तो खाली घराची बाजू मांडत होता. आपाने बाळाच्या कानाशी तोंड नेलं आणि रीतीप्रमाणे तीनदा म्हटलं, "तुझं नाव तोक्तार. तुझं नाव तोक्तार. तुझं नाव तोक्तार." तोक्तार म्हणजे थांबणारा. इतक्या घाईने आलेल्याला दुसरं काय सांगणार.

मग तिने त्याला स्वतःच्या हाताने परिचारिकेच्या हातात दिलं. दार लागलं.

आपा वळली तर ओसरीतल्या साऱ्या बायका बघत होत्या. तिच्या एका हातात रिकामी टोपी. "शुयिंशी," ती म्हणाली. आनंदाची बातमी आणणारा आधी बक्षीस मागतो, तो हा शब्द. आवाज जरा फाटला, म्हणून तिने पुन्हा म्हटलं. "शुयिंशी, पोरींनो. मला नातू झाला. आत्ताच."

त्या बायकांना काही समजावून सांगावं लागलं नाही. एकीने पिशवीतून गोळ्या काढून तिच्या ओंजळीत ओतल्या. एकीने गळ्यातला रुमाल दिला. ज्या बाळाला भिंत धरून उभं राहता येत होतं, त्याच्या आईने आपल्या पोराचा हात तिच्या हातावर ठेवला. झिबेक बाकावर बसली आणि तोंड झाकून रडली, आपा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, गोळ्या सांडत राहिल्या.

ओस्पान धापा टाकत वर आला. "शेवटी त्याला चहा पाजला तेव्हा कुठे... काय झालं?"

"तुम्ही आजोबा झालात."

"कधी?"

"मघाशी. आता त्याच्या डोळ्यांचं चाललंय आत."

ओस्पान तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "आमच्या गावात एक आंधळा गरुड होता. तो..." आणि थांबला. सगळ्या खोऱ्यात कुणी कधी ओस्पानची गोष्ट मध्येच थांबलेली पाहिली नव्हती.

"पुढे काय झालं?" आपाने विचारलं. लग्न झाल्यापासून तिने हे पहिल्यांदाच विचारलं होतं.

"माहीत नाही," ओस्पान म्हणाला.

ती त्याच्याजवळ सरकली.

दुपार कलल्यावर डॉक्टर अल्मिरा बाहेर आली. डोक्यावरची कापडी टोपी हातात, कपाळावर तिचा वळ. "शुयिंशी, आपा," ती म्हणाली. "पण अर्धीच मागते. काम नीट झालं. शिरा ऐकतात की नाही ते पुढच्या आठवड्यात कळेल."

आपाने मनगटातलं चांदीचं कडं काढायला घेतलं.

"ते नको," डॉक्टर म्हणाली. "मला दुसरं द्या. पुढच्या आठवड्यात याला घेऊन या. मग त्याच्या पुढच्या. मग महिन्याने. नंतर कान बघू, मान बघू, बसणं, चालणं, बोलणं. शाळेत जाईपर्यंत आमची नजर राहील."

"आणि चालायला लागल्यावर?"

"तेव्हा चालत येईल."

आपाने विचार केला. "म्हातारबा," ती म्हणाली, "पावाला नवे टायर घाला."

संध्याकाळी तोक्तार जागा झाला तेव्हा झिबेकने त्याला छातीवर घेतलं. पापण्या सुजून चिकटल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यातली एक किलकिली उघडली, गव्हाच्या दाण्यावरच्या चिरेएवढी. वरचा दिवा त्याच्या बाहुलीत पडला. त्याने अख्खा चेहरा आवळला, मान फिरवली, उजेड तिकडेही होता, आणि मग त्याने असा टाहो फोडला की ओसरीतली सगळी बाळं दचकून जागी झाली.

परिचारिका धावत दिवा कमी करायला आली. झिबेक त्याला थोपटायला लागली.

"राहू दे जरा," नुर्जमाल आपा म्हणाली. "रडू दे त्याला."